अख्खी ओळ रंगवायची कशी? कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये स्वतःचा फॉर्म्युला, सोसायटीच्या हिशोबासकट

एक्सेल असो की गूगल शीट्स, कंडिशनल फॉरमॅटिंगचे जे तयार नियम असतात, म्हणजे आकडा 5000 पेक्षा मोठा असेल तर लाल कर, अमुक शब्द दिसला तर हिरवं कर, ते सगळ्यांना जमतात, दोन क्लिकचं काम आहे. अडतं ते त्याच्या पुढे. त्या नियमाने ज्या सेलमध्ये तो आकडा आहे तेवढाच सेल रंगतो, आणि आपल्याला हवं असतं की मेंटेनन्स आला नसेल तर फ्लॅट नंबर, नाव, रक्कम सगळी ओळच उठून दिसावी, किंवा तारीखही उलटलीय आणि पैसेही आले नाहीत अशा दोन अटी एकदम लागाव्यात. इथे फॉर्म्युला लिहावाच लागतो. आणि इथेच लोक कुठूनतरी एक फॉर्म्युला उचलून टाकतात, भलतीच ओळ रंगते, मग कंटाळून पेंटच्या डब्याचं बटण दाबत एकेक ओळ हाताने रंगवत बसतात. पुढच्या महिन्यात परत तेच.

मी मुंबईत आमच्या सोसायटीचे हिशोब बघते म्हणून उदाहरण त्याचंच घेते, पण दुकानाची उधारी, क्लासची फी, मंडळाची वर्गणी, कशालाही हेच चालतं.

आधी एक सांगून ठेवते. फॉर्म्युले मी इथे देवनागरीत लिहिलेत. टाइप करताना कॉलमची अक्षरं आणि अँड, टुडे, काउंटइफ अशी फंक्शनची नावं इंग्रजीतच टाकायची, चिन्हं आणि आकडे आहेत तसेच.

आपली शीट अशी धरा. ए मध्ये फ्लॅट नंबर, बी मध्ये नाव, सी मध्ये बिलाची रक्कम, डी मध्ये भरायची शेवटची तारीख, ई मध्ये जमा रक्कम, एफ मध्ये जमा झाल्याची तारीख, जी मध्ये यूपीआयचा रेफरन्स नंबर. पहिल्या ओळीत हेडिंग, फ्लॅट 60, म्हणजे डेटा ए2 पासून जी61 पर्यंत.

गूगल शीट्समध्ये ए2 ते जी61 सिलेक्ट करा, फॉरमॅट मेनूत कंडिशनल फॉरमॅटिंग, उजवीकडे पट्टी उघडते, त्यात ‘फॉरमॅट सेल्स इफ’ची यादी खाली ओढत शेवटपर्यंत जा, तिथे ‘कस्टम फॉर्म्युला इज’ आहे. एक्सेलमध्ये होम टॅब, कंडिशनल फॉरमॅटिंग, न्यू रूल, आणि त्यातला सगळ्यात खालचा पर्याय, ‘यूज अ फॉर्म्युला’ने सुरू होणारा. आता त्या डब्यात हे टाका:

=$ई2<$सी2

रंग निवडा, ओके. ज्यांची जमा रक्कम बिलापेक्षा कमी आहे त्यांची पूर्ण ओळ रंगेल. ज्यांनी काहीच भरलं नाही त्यांचा ई मधला सेल रिकामा आहे, आणि रिकामा सेल इथे शून्य धरला जातो, म्हणून तेही पकडले जातात. ज्यांनी अर्धेच पाठवले तेही. आणि शीटच्या खाली पूर्ण रिकाम्या ओळी असतील तर शून्य काही शून्यापेक्षा कमी नाही, त्या पांढऱ्याच राहतात. एवढासा फॉर्म्युला आहे पण तीन गोष्टी सांभाळतो, म्हणून मला हा ‘ई रिकामा आहे का’ असं विचारण्यापेक्षा जास्त आवडतो.

आता हे चालतं कसं ते नीट समजून घ्या, कारण एवढं कळलं की पुढचं सगळं तुमचं तुम्हालाच लिहिता येईल. कंडिशनल फॉरमॅटिंगमधला फॉर्म्युला म्हणजे ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असंच येतं असा प्रश्न, उत्तर ट्रू आलं तर रंग, फॉल्स आलं तर काही नाही. लोकलच्या डब्यात टीसी चढला की सगळ्यांना एकच विचारतो, तिकीट; प्रश्न तोच, समोरचा माणूस बदलतो. तुम्ही सिलेक्ट केलेल्या प्रत्येक सेलला हा प्रश्न वेगवेगळा विचारला जातो, सात कॉलम गुणिले साठ ओळी, 420 वेळा. पण तुम्ही तो लिहिताय फक्त डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या सेलसाठी, इथे ए2 साठी. बाकी सेलना तो सरकवून लावला जातो, फॉर्म्युला कॉपी करून खाली आणि उजवीकडे ओढल्यावर पत्ते सरकतात ना, अगदी तसंच.

म्हणून ते डॉलरचं चिन्ह. डॉलर ज्याच्या आधी असेल ते सरकत नाही. $ई2 मध्ये कॉलम बांधलेला आहे आणि ओळ मोकळी आहे, म्हणजे ओळ तिसरी आली की तो $ई3 होतो पण बी कॉलममध्ये गेला तरी ई सोडत नाही. पूर्ण ओळ रंगण्याचं सगळं गुपित एवढंच. डॉलर न लावता ई2<सी2 लिहिलं तर ए2 ला उत्तर बरोबर मिळेल, पण बी2 वर येईपर्यंत तो एफ2<डी2 झालेला असतो, म्हणजे जमा तारखेची तुलना शेवटच्या तारखेशी, आणि सी2 वर तर यूपीआय नंबर आणि जमा रक्कम यांची. मग ओळीत मध्येच एखादा सेल रंगलेला आणि बाजूचा पांढरा असे ठिपके दिसतात. आणि उलट, दोन्हीकडे डॉलर लावून $ई$2<$सी$2 केलं तर साठही फ्लॅटना 2 नंबरच्याच ओळीचं उत्तर मिळतं, म्हणजे सगळा तक्ता एकदम लाल नाहीतर सगळा कोरा. एक्सेलमध्ये हे हमखास होतं, कारण फॉर्म्युला लिहिताना सेलवर क्लिक केलं की एक्सेल आपणहून दोन्ही डॉलर लावतो. एफ4 की दाबत राहा, डॉलर एकेक करून बदलतात, $ई2 दिसलं की थांबा.

तिसरी तक्रार म्हणजे रंग एक ओळ वर किंवा खाली पडतो. याचं कारण जवळपास नेहमी हेच की सिलेक्शन ए1 पासून केलंय आणि फॉर्म्युल्यात मात्र 2 लिहिलंय. रेंज जिथून सुरू होते तोच ओळ नंबर फॉर्म्युल्यात हवा. एक्सेलमध्ये आणखी एक गंमत आहे, तिथे फॉर्म्युला मोजला जातो तो ज्या सेलपासून तुम्ही सिलेक्शन सुरू केलं त्याच्यापासून, त्यामुळे खालून वर ओढत सिलेक्ट केलं असेल तर सगळं बिघडतं. नेहमी वरून डावीकडून सुरू करा, प्रश्नच मिटला.

आणि माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला हा की कुठलाही फॉर्म्युला थेट त्या डब्यात लिहू नका. आधी शीटमध्येच बाजूच्या रिकाम्या कॉलममध्ये, समजा जे2 मध्ये, लिहा आणि खालपर्यंत ओढा. ट्रू-फॉल्सची यादी समोर येते, दोनचार फ्लॅट माहितीतले बघून घ्या की उत्तर बरोबर आहे का. कंडिशनल फॉरमॅटिंगच्या डब्यात एरर दिसतच नाही, फॉर्म्युल्यात चूक आली तर तो गपचूप ‘नाही’ धरतो आणि तुम्ही रंग का येत नाही म्हणून डोकं खाजवत बसता. कॉलममध्ये लिहिलं की एरर समोर दिसते. बरोबर झालं की कॉपी करून नियमात टाका आणि तो कॉलम पुसून टाका.

आता तारखा. बिल न भरलेले सगळे सारखे नसतात, कुणाची शेवटची तारीख अजून यायचीय, कुणाची काल गेली, कुणाची तीन महिन्यांपूर्वी. तीन नियम करायचे. तारीख उलटलेल्यांसाठी:

=अँड($ई2<$सी2,$डी2<टुडे())

अँडच्या आत जेवढ्या अटी तेवढ्या सगळ्या खऱ्या झाल्या तरच ट्रू. टुडे रोज आपोआप बदलतो, म्हणून शीट उघडली की रंग त्या दिवसाचेच असतात. येत्या तीन दिवसांत भरायचेत त्यांच्यासाठी, म्हणजे आठवणीचा मेसेज टाकायला:

=अँड($ई2<$सी2,$डी2>=टुडे(),$डी2-टुडे()<=3)

आणि जुन्या थकबाकीसाठी:

=अँड($डी2<>"",$ई2<$सी2,टुडे()-$डी2>$के$1)

यात के1 मध्ये मी 90 लिहून ठेवते. इथे मात्र दोन्ही डॉलर हवेतच, कारण तो एकच सेल सगळ्यांनी बघायचाय. कमिटीने उद्या ठरवलं की 60 दिवस धरायचे तर नियमाला हात न लावता के1 मध्ये 60 केलं की झालं. सुरुवातीची डी रिकामं नाही ना ही अट मुद्दाम आहे. तारखा आतमध्ये साधे आकडे असतात, 1 जानेवारी 2025 म्हणजे 45658, आणि रिकामी तारीख म्हणजे शून्य, त्यामुळे आजच्यातून शून्य वजा केलं की पंचेचाळीस हजारांच्या वर दिवस थकलेले दिसतात आणि ज्या फ्लॅटला बिलाची तारीखच टाकायची राहिली तो सगळ्यात मोठा थकबाकीदार होऊन बसतो. बिचाऱ्याला उगाच फोन जातो.

तारखांचा याहून वाईट घोळ वेगळाच आहे आणि मुंबईत बसून गूगल शीट्स वापरणाऱ्या कितीतरी लोकांच्या फाइलमध्ये तो असतो. शीटची लोकॅल सेटिंग, म्हणजे तारखा-आकडे कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायचे ते, युनायटेड स्टेट्स असेल तर ती आधी महिना मग दिवस वाचते. तुम्ही 13/05/2025 टाकलं, तेरावा महिना नसतो, म्हणून ती तारीख न राहता नुसती अक्षरं होते. अक्षरं ही कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी धरली जातात, म्हणून ‘आजच्या आधीची आहे का’ याचं उत्तर कायम नाही, ती ओळ जन्मात लाल होणार नाही. आणि 05/04/2025 टाकलं, तुमच्या मनात 5 एप्रिल, शीटने घेतलं 4 मे, काही तक्रार न करता. पहिली चूक निदान डोळ्याला दिसते, कारण खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते आणि अक्षरं डावीकडे. दुसरी दिसतच नाही. म्हणून नवीन शीट घेतली की पहिलं काम, फाइल मेनूत सेटिंग्ज, लोकॅल इंडिया आणि टाइम झोन आपला. टाइम झोन अमेरिकेचा राहिला तर सकाळी टुडे कालचीच तारीख दाखवतो. एक्सेलमध्ये हे विंडोजच्या रीजन सेटिंगवर असतं. आधीच अक्षरं होऊन बसलेल्या तारखांना एक्सेलमध्ये डेटा टॅबमधलं टेक्स्ट टू कॉलम्स आहे, तिसऱ्या पायरीवर डेट निवडून डीएमवाय, म्हणजे दिवस-महिना-वर्ष, करा. आणि शंका आली तर बाजूच्या सेलमध्ये =इजनंबर(डी2) टाका, ट्रू म्हणजे खरी तारीख.

तीन नियम झाले की क्रम बघा. 95 दिवस थकलेला फ्लॅट ‘तारीख उलटली’मध्येही बसतो आणि ‘जुनी थकबाकी’मध्येही. दोन नियमांनी एकाच सेलला वेगळा रंग सांगितला तर यादीत वरचा जिंकतो. म्हणून कडक नियम वर, सौम्य खाली. शीट्समध्ये नियम धरून वर-खाली ओढता येतो, एक्सेलमध्ये मॅनेज रूल्समध्ये बाण आहेत, आणि एक्सेल नवीन नियम आपणहून सगळ्यात वर टाकतो हे लक्षात ठेवा.

जी कॉलमसाठी एक नियम जरूर करा. यूपीआयचा रेफरन्स नंबर 12 आकडी असतो, लोक स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतात, आपण बघून उतरवतो, आणि कधी तोच स्क्रीनशॉट दोन महिन्यांना दोनदा चढतो, मुद्दाम असेल असंही नाही, माणूस जुना फोटो पाठवतो. तर फक्त जी2 ते जी61 सिलेक्ट करून:

=अँड($जी2<>"",काउंटइफ($जी$2:$जी$61,$जी2)>1)

काउंटइफ तो नंबर कॉलममध्ये किती वेळा आलाय ते मोजतो. रेंजला दोन्ही डॉलर, शोधायच्या नंबरला एकच. तो कॉलम आधीच टेक्स्ट फॉरमॅटमध्ये ठेवा, नाहीतर एक्सेल 12 आकडी नंबर ई+11 असा दाखवतो आणि सुरुवातीचा शून्यही खातो. आणि 15 पेक्षा जास्त नुसते आकडे असलेला नंबर असेल तर काउंटइफवर भरवसा ठेवू नका, तो टेक्स्टलाही आकडा समजून बघतो आणि एक्सेल 15 आकड्यांपर्यंतच धरतो, मग शेवटचे आकडे वेगळे असले तरी दोन नंबर सारखेच म्हणून सांगतो. तिथे =समप्रॉडक्ट(--($जी$2:$जी$61=$जी2))>1 वापरा.

तयार नियम सोडून फॉर्म्युलाच का, याचं एक उदाहरण पावसाचं देते, कारण आमच्यासारख्या सखल भागातल्या सोसायटीला भरती आणि पावसाची वेगळी शीट खरंच कामाची आहे. महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस जाहीर करते. तारीख ए मध्ये, भरतीची वेळ बी मध्ये, उंची सी मध्ये, रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये डी मध्ये. लोकांना वाटतं की पावसाच्या कॉलमला कलर स्केल लावलं की झालं, फिकट ते गडद. पण स्केल ताणलं जातं सगळ्यात मोठ्या आकड्याने. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला होता, जुने आकडे भरताना तो एक दिवस शीटमध्ये आला की 150 मिलिमीटरचा दिवसही फिकट दिसायला लागतो, आणि 150 म्हणजे इथे दादरचा सखल हिंदमाता भाग तुंबायला पुरेसं आहे. त्यापेक्षा हवामान खात्याच्या पायऱ्या फॉर्म्युल्यात टाका: 64.5 पासून जोरदार, 115.6 पासून अति जोरदार, 204.5 पासून अत्यंत जोरदार. तीन नियम, =$डी2>=204.5 सगळ्यात वर, मग बाकीचे दोन. आणि पुढच्या सात दिवसांतल्या मोठ्या भरत्या उठून दिसाव्यात म्हणून:

=अँड($सी2>=4.5,$ए2>=टुडे(),$ए2<=टुडे()+7)

ही ओळ दिसली की वॉचमनला आधीच सांगता येतं की त्या दिवशी खालच्या पार्किंगमधल्या गाड्या वर काढायला लावायच्या, पंप चालतोय का ते बघून घ्यायचं.

काही छोट्या गोष्टी ज्यात वेळ जातो. एक्सेलमध्ये नियमाचा फॉर्म्युला दुरुस्त करताना बाणाच्या की दाबल्या की कर्सर सरकण्याऐवजी मध्येच सेलचे पत्ते घुसतात, आधी एफ2 दाबा मग बाण वापरा. सुरुवातीचं बरोबरचं चिन्ह विसरलात तर एक्सेल अख्ख्या फॉर्म्युल्याला अवतरण चिन्हात घालतो आणि तो कधीच चालत नाही, नियम परत उघडून बघितलं की कळतं. वर्डमधून कॉपी केलेल्या फॉर्म्युल्यात अवतरण चिन्हं वाकडी येतात, ती पुसून साधी टाका. अवतरणात मराठी मजकूर खुशाल चालतो, समजा एच मध्ये शेरा लिहिला असेल तर =$एच2="थकीत" अगदी व्यवस्थित. शब्दाच्या शेवटी स्पेस राहिली असेल तर मात्र जुळत नाही, तिथे =ट्रिम($एच2)="थकीत". गूगल शीट्समध्ये दुसऱ्या टॅबवरचा सेल नियमात वापरायचा तर इनडायरेक्ट लागतो, =टुडे()-$डी2>इनडायरेक्ट("सेटिंग!बी1") असा, एक्सेलमध्ये 2010 पासून थेट चालतं, फक्त दुसऱ्या फाइलचा संदर्भ नियमात चालत नाही.

कॉपी-पेस्टने नियमांचे तुकडे होतात हा सगळ्यात मोठा त्रास. ओळ कापून दुसरीकडे चिकटवली, दुसऱ्या शीटमधून डेटा आणला, की एकाच नियमाचे पाच-दहा तुकडे होतात, काही ओळी सुटतात आणि वर्षभराने मॅनेज रूल्स उघडलं की घाबरायला होतं. डेटा चिकटवताना फक्त व्हॅल्यू चिकटवा, शीट्समध्ये कंट्रोल शिफ्ट व्ही. आणि तुकडे झालेच असतील तर निस्तरत बसू नका, त्या रेंजचे सगळे नियम पुसून चार नियम नव्याने लावा, लवकर होतं.

अट तीनपेक्षा लांब व्हायला लागली की मी ती नियमातून काढून एच कॉलममध्ये आणते, =आयएफ(...) करून तिथे ‘थकीत’, ‘जुनी’, ‘पूर्ण’ असे शब्द येऊ देते आणि रंगाचा नियम त्या शब्दावर लावते. फायदा असा की शब्द मोजता येतो, फिल्टर लागतो, त्याची बेरीज करता येते. रंगाची बेरीज करणारं साधं फंक्शन एक्सेलमध्ये नाही. शिवाय नोटीस बोर्डाला लावायची प्रिंट काळी-पांढरी निघते, त्यात फिकट लाल आणि फिकट हिरवा दोन्ही एकसारखे राखाडी येतात, आणि लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतात. निदान जुन्या थकबाकीला रंगासोबत ठळक अक्षर द्या.

आणि लाल ओळी असलेली शीट सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, कळकळीने सांगते. खजिनदाराला कुणाला फोन करायचा हे कळावं एवढ्यासाठी तो रंग आहे. ज्या घरात आजारपण चाललंय, नोकरी गेलीय, त्यांचं नाव दीडशे माणसांच्या मोबाइलवर लाल होऊन जाणं बरं नाही. सभेला दाखवायची प्रत वेगळी करा, ती फाइल मेनूतून कॉपी काढून, त्यातले नियम पुसून, फक्त एकूण येणं किती ते ठेवून.

नियम शीटवर दिसत नाहीत, आत लपलेले असतात, त्यामुळे खजिनदार बदलला की नव्या माणसाला केशरी म्हणजे काय आणि लाल म्हणजे काय हे कोण सांगणार? एक टॅब ‘नियम’ नावाचा करा, त्यात रंग, त्याचा अर्थ, रेंज आणि फॉर्म्युला मजकूर म्हणून लिहा. फॉर्म्युल्याच्या आधी एक सिंगल अवतरण चिन्ह टाकलं की तो चालत नाही, नुसता दिसतो. कधी सगळं बिघडलंच तर तिथूनच उचलून परत लावता येतो.